जुन्या ट्रॅक्टरला हजार्ड लाईट बसवताना सगळेच विचारतात ते प्रश्न

दसऱ्याच्या आसपास साखर कारखान्याचे बॉयलर पेटले की आमच्या पलूस भागात एकच घाई असते, टायर बघा, हूक बघा, ट्रॉलीचे पाटे बघा. लाईटीकडं मात्र कोण बघत नाही. तीन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ आष्ट्याच्या पुढं अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटरसायकल घेऊन गेला. ट्रॅक्टरचा टायर फुटलेला, ड्रायव्हर मेकॅनिक आणायला गेलेला, चावी त्याच्या खिशात आणि मागं एक दिवा चालू नाही. भाऊ वाचला, मांडीत रॉड आहे. त्या ट्रॅक्टरला इंडिकेटर होते की, पण ते चावीवर होते, चावी काढली की सगळं बंद. तेव्हापासून मी घरच्या आणि पाव्हण्यारावळ्यांच्या मिळून बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना हजार्ड बसवून दिलं, आणि सगळीकडं तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

हजार्ड म्हणजे पार्किंग लाईटच ना?

आपल्याकडं बोलताना दोन्हीला पार्किंगच म्हणतात त्यामुळं घोळ होतो. पार्किंग लाईट म्हणजे बारका दिवा, नुसता लागून राहतो, साधारण ५ वॅटचा बल्ब. हजार्ड म्हणजे पुढचे मागचे डावे उजवे चारी इंडिकेटर एकदम लुकलुकणं. दुकानात नुसतं पार्किंगचं बटण द्या म्हणाला तर साधं दोन पिनांचं बटण हातात पडेल, ते आपल्या कामाचं नाही. का नाही ते खाली सांगतो.

माझ्या ट्रॅक्टरला इंडिकेटर आधीच आहेत, मग जादा काय लागतंय?

दिवे तेच वापरायचे. जादा लागतोय एक वेगळा फ्लॅशर (दिवे लुकलुकवणारी डबी), एक डबल पोलचा टॉगल (एका खटक्यात दोन सुट्या लाईनी जोडणारं बटण), एक फ्यूज होल्डर, चार-पाच मीटर ऑटो वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आणि वायर घालायला काळी नळी. बास.

काही जण आहे त्याच फ्लॅशरवर हजार्ड पण चालवतात. तसं करता येतं, पण त्या फ्लॅशरला लाईन चावीवरून आलेली असती, म्हणजे हजार्डसाठी ती लाईन बॅटरीवर बदलणारं बटण पाहिजे आणि तसलं तीन पोलचं बटण तालुक्याच्या गावात पटकन मिळत नाही. वेगळा फ्लॅशर घातला की जुन्या वायरिंगला फार हात लावायला लागत नाही, आणि उद्या एक फ्लॅशर गेला तरी दुसरा चालू राहतो. माझं मत विचाराल तर वेगळाच घाला.

वायर कुठून कुठं जाते, नीट सांगा.

आधी बॅटरीची जी केबल बॉडीला जाते तिचं टर्मिनल काढून ठेवा. पान्हा घसरून प्लस आणि बॉडी एकत्र आली की काय होतंय ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको.

मग बॅटरीच्या प्लसवरून, किंवा स्टार्टरच्या ज्या बोल्टवर बॅटरीची जाड केबल येते तिथून, एक वायर घ्यायची. फ्यूज होल्डर बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पाहिजे, डॅशबोर्डाच्या खाली नको. कारण फ्यूजच्या आधीची वायर इंजिनाला घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं कोणी नाही. फ्यूजमधून वायर फ्लॅशरच्या बी पिनेला, काहींवर ती एक्स किंवा ४९ अशी लिहिलेली असते. फ्लॅशरची एल पिन, किंवा ४९ए, तिथून वायर टॉगलला.

आता टॉगल. मागं सहा पिना असतात, तीन-तीनच्या दोन रांगा. मधल्या दोन पिना एकमेकींना बारक्या वायरीनं जोडायच्या आणि त्यांच्यावर फ्लॅशरची वायर आणायची. वरच्या एका पिनेवरून डाव्या इंडिकेटरची वायर, वरच्याच दुसऱ्या पिनेवरून उजव्याची. खालच्या दोन पिना मोकळ्या सोडायच्या. या दोन वायरी इंडिकेटरच्या दांडीच्या पुढं, म्हणजे दांडीतून दिव्यांकडं जी डावी आणि उजवी वायर निघते तिला जोडायच्या. दांडीच्या आत येणाऱ्या वायरला जोडलं तर काहीच होणार नाही.

जोड नुसता पिळून टेप मारू नका. ट्रॅक्टर हादरतो, उन्हानं टेपचा डिंक पातळ होतो आणि वर्षभरात टेप वायरीवरून सुटून लोंबायला लागतो. थिंबल दाबून घ्या नाहीतर डाग मारा, म्हणजे सोल्डर करा, वर आकसणारी नळी चढवा. डाग मारलेली वायर जोडाच्या जवळ कडक होते आणि हादऱ्यानं तिथंच तुटते, म्हणून दोन बोटं मागं क्लिप लावून ती बॉडीला बांधा.

साध्या एका बटणानं का होत नाही? डावी उजवी वायर एकत्र करून बटणाला दिली की झालं ना?

हीच चूक सगळ्यात जास्त बघितली. डावी आणि उजवी वायर एकत्र गुंडाळून बटणाला जोडली तर हजार्ड लागतंय, माणूस खूश होतो आणि घरी जातो. पण आता दोन्ही बाजू कायमच्या एक झाल्या. उजवीकडं वळायला दांडी ओढली तरी चारी लुकलुकणार. मागच्या गाडीवाल्याला वाटणार हा थांबतोय, तो ओव्हरटेक मारणार आणि तुम्ही तेव्हाच बांधावर वळणार. डबल पोल टॉगलमध्ये बटण बंद असलं की डावी उजवी एकमेकींपासून सुटी राहते, म्हणून तोच पाहिजे.

घरातलं लाईटचं बटण चालंल का?

नको. त्यावर लिहिलेले अँपिअर घरच्या एसी लाईनीसाठी असतात. बॅटरीची डीसी लाईन तोडताना ठिणगी जास्त वेळ धरून राहते आणि आतली पट्टी जळते. शिवाय धूळ आणि पाणी. टॉगल घेताना १२ व्होल्ट डीसीला किती अँपिअर ते बघून १५ किंवा २० वाला घ्या, वर रबरी टोपी मिळते ती पण लावा. रेडिओच्या दुकानातला नाजूक टॉगल दिसायला तसाच असतो पण त्यात एवढा दम नसतो.

जुना गोल डबीचा फ्लॅशर चालेल का?

त्या डबीत एक पट्टी असते, करंट गेला की तापते, वाकते, कॉन्टॅक्ट सुटतो, गार झाली की परत चिकटते. म्हणजे तिचं टकटक सगळं करंटवर अवलंबून. एका बाजूच्या दोन बल्बांसाठी बनवलेल्या डबीवर चार बल्ब टाकले, वर ट्रॉलीचे दोन, की ती घाईघाईनं मारायला लागते आणि थोड्या दिवसांत कॉन्टॅक्ट जळून चिकटतो. मग दिवे नुसते लागून राहतात नाहीतर लागतच नाहीत. म्हणून हजार्डला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या आणि डबीवर किती बल्बाचा लोड लिहिलाय तो वाचा. टकटक मिनिटाला ६० ते १२० च्या मधे पाहिजे, ९० च्या आसपास असली की डोळ्याला बरोबर दिसते. मोबाईलवर अर्धा मिनिट लावून मोजा.

दोन पिनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला बी आणि एल उलट लावू नका. तीन पिनी असला तर तिसरी पिन बहुतेक वेळा ई म्हणजे अर्थची, बॉडीला जोडायची असते, पण काही डब्यांवर ती पी असते आणि ती डॅशबोर्डवरच्या बारक्या दिव्याची. पी ला बॉडी लावून फ्लॅशर जाळलेला माणूस मी बघितलाय, अक्षर वाचा मगच वायर लावा.

वायर आणि फ्यूज किती जाडीचा?

हिशोब सोपा आहे. इंडिकेटरचा बल्ब २१ वॅटचा. चार बल्ब म्हणजे ८४ वॅट, १२ नं भागलं की ७ अँपिअर. एक ट्रॉली जोडली की सहा बल्ब, साडेदहा अँपिअर. दोन ट्रॉल्या असल्या की आठ बल्ब, १४ अँपिअर. ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली एवढंच असेल तर मेन वायर दीड (स्क्वेअर) एमएमची आणि फ्यूज १५ अँपिअरचा. डबल ट्रॉलीला साधेच बल्ब ठेवणार असाल तर अडीचची वायर आणि २० चा फ्यूज. दिव्यांकडं जाणाऱ्या फाट्यांना एक एमएम पुरते. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकू नका, तार तर अजिबात गुंडाळू नका. फ्यूज उडतोय म्हणजे कुठंतरी वायर सोललीय, ती शोधा.

एलईडी बसवली तर?

बसवा, मी तर म्हणतो ट्रॉलीला एलईडीच बसवा. हादऱ्यानं तार तुटायचा प्रश्न नाही आणि लोड एकदम कमी. फक्त फ्लॅशर एलईडीला चालणाराच पाहिजे. गोल डबीवर एलईडी लावली तर पट्टी तापतच नाही, दिवे नुसते लागून राहतात. एक गंमत अशी होते की जुन्या ट्रॅक्टरला डॅशबोर्डवर डाव्या उजव्या दोन्हीसाठी एकच बारका दिवा असतो, तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधे जोडलेला असतो. साध्या बल्बाला चालतंय, पण एलईडी बसवली की त्या बारक्या दिव्यातून करंट पलीकडं जातो आणि डावा इंडिकेटर दिला तरी उजवी बाजू पण मिणमिणते. उपाय म्हणजे दोन डायोड, १एन४००७ नावाचे मिळतात. एक डाव्या वायरीवरून, एक उजव्या वायरीवरून, दोघांची पांढऱ्या पट्टीची टोकं एकत्र करून बारक्या दिव्याला, आणि दिव्याचं दुसरं टोक बॉडीला.

रात्रभर चालू राहिलं तर बॅटरी उतरंल का?

साध्या बल्बावर उतरंल. ट्रॉलीसकट सहा बल्ब साडेदहा अँपिअर ओढतात, निम्मा वेळ बंद असतात म्हणून सरासरी सव्वापाच धरा. दहा तासात बावन्न अँपिअर तास गेले. ८८ अँपिअर तासाची नवी बॅटरी असली तरी सकाळी स्टार्टर कुरकुरणार, आणि दोन-तीन वर्ष वापरलेली असेल तर धक्काच मारायला लागणार. तीन-तीन वॅटच्या एलईडी असतील तर तेच दहा तास साडेसात-आठ अँपिअर तासात निघतात. पण एक सांगतो, बॅटरी उतरंल म्हणून हजार्ड बंद करून झोपायला कोण गेलं असेल तर त्यानं फार मोठी चूक केली. बॅटरी चार्ज करून मिळते.

माझ्या ट्रॅक्टरला प्लस बॉडीला आहे असं मेकॅनिक म्हणतो.

डायनामोवाल्या फार जुन्या काही ट्रॅक्टरना असं असतंय. बॅटरीची कुठली केबल चेसिसला गेलीय ते डोळ्यानं बघा, रंगावर जाऊ नका, केबल बदलताना काळी-लाल कोण बघत नाही. प्लस बॉडीला असेल तर साधा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि एलईडी सरळ लावू नका, जळतील. आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मायनस बॉडी करून घ्या. त्यात डायनामोला परत पोलॅरिटी द्यायला लागते, नुसती बॅटरी उलटी करून भागत नाही.

ट्रॉलीला कसं जोडायचं?

इथंच खरी मेहनत आहे, कारण मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही, ट्रॉली दिसते. ट्रॅक्टरच्या मागं सात पिनांचा सॉकेट असतो, नसला तर घ्या. पिनांचे नंबर आत बारीक अक्षरात कोरलेले असतात, टॉर्च मारून बघा. १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ३ अर्थ, ६ ब्रेक, ५ उजवा टेल आणि ७ डावा टेल. ट्रॉलीच्या वायरीचे रंग मात्र ज्यानं ट्रॉली बांधली त्याच्या मर्जीचे, त्यामुळं टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पिन तपासूनच जोडा.

वायर चेसिसच्या खालून मोकळी नेऊ नका. ट्रॉली वळताना हुकापाशी ती ताणते, म्हणून तिथं एक हात ढील ठेवा पण जमिनीला घासेल एवढी नको. पुढं सगळी लोखंडी पाईपातून न्या. पाईपाच्या तोंडाला कानस मारून धार घालवा, नाहीतर तीच वायर कापते. डबल ट्रॉलीला पहिल्या ट्रॉलीच्या मागं पण सॉकेट पाहिजे, मागच्या ट्रॉलीला दिवे नसतील तर पुढचे लावून काही उपयोग नाही.

आणि दिवे कुठं बसवताय ते भरलेली ट्रॉली डोळ्यासमोर आणून ठरवा. मोकळ्या ट्रॉलीला सगळं छान दिसतं. उसाची मोळी भरली की वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, मागं लोंबतात आणि दिवा पार झाकून टाकतात. माझ्याच ट्रॉलीचं असं झालेलं, रात्री मागं जाऊन बघितलं तर पाल्याच्या आत काहीतरी पिवळं मिणमिणत होतं. मग दिवे बाहेरच्या कडेला पत्र्याची पट्टी काढून सरकवले आणि आता भरून झाली की विळ्यानं मागचा पाला छाटूनच निघायचं ठरवलंय.

सगळं बरोबर जोडलंय तरी ट्रॉलीचे दिवे मंद का लागतात? ब्रेक मारला की इंडिकेटर पण लागतोय.

अर्थ. दहातल्या आठ वेळा अर्थच असतो. ट्रॉलीचा अर्थ हुकाच्या पिनेतून येईल असं धरून बरेच जण तिसरी वायर ओढतच नाहीत. हुकाला ग्रीस, गंज, माती, वर ती पिन सैल, कसा येईल अर्थ? मग करंट परत जायला दुसरी वाट शोधतो, ब्रेकच्या बल्बातून निघून इंडिकेटरच्या बल्बातून बाहेर पडायला बघतो, म्हणून भलताच दिवा लागतो. ३ नंबरच्या पिनेवरून वेगळी अर्थ वायर प्रत्येक दिव्यापर्यंत न्या, इतर वायरींपेक्षा जाड.

गेल्या वर्षी एका ट्रॉलीचा मागचा दिवा उघडला. काचेच्या खाली लाल मातीचा थर, होल्डरची स्प्रिंग गंजून तपकिरी चिवडा झालेली, बल्बाच्या बुडाचा शिशाचा टिपका घासून सपाट झालेला आणि अर्थचा स्क्रू रंगाच्या वर आवळलेला. रंगावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थ नाहीच. रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून व्हॅसलीन फासा. तपासायला मीटर असेल तर दिवा चालू ठेवून दिव्याची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात व्होल्ट बघा, अर्ध्या व्होल्टाच्या वर दाखवत असेल तर अर्थ खराब.

एक बाजू पटापट मारते, दुसरी नीट.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असेल तर बहुतेक वेळा पटापट मारणाऱ्या बाजूचा बल्ब गेलेला असतो किंवा अर्थ सुटलेला असतो. गोल डबी असेल तर उलटं, बल्ब गेला की हळू होते नाहीतर लागूनच राहते.

हजार्ड लावलं की चावी बंद असताना मीटरचा काटा हलतोय.

इंडिकेटरची दांडी डावीकडं किंवा उजवीकडं राहिलीय. हजार्डचा करंट दांडीतून, जुन्या फ्लॅशरमधून मागं चावीच्या लाईनीत शिरतोय. दांडी मधे घ्या, थांबेल.

ट्रॉलीला वेल्डिंग मारायचं आहे, काही काढायला लागतंय का?

ट्रॉलीचा सॉकेट ट्रॅक्टरपासून सोडा आणि बॅटरीचं टर्मिनल काढा. वेल्डिंगचा करंट वायरिंगमधून फिरला की इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि एलईडी दोन्ही जातात.

ऊस घेऊन हळू चाललोय, मग चालतानाच हजार्ड लावून ठेवू का?

ठेवू नका. हजार्ड चालू असताना तुमचा इंडिकेटर कोणाला कळणार नाही, आणि ट्रॅक्टर तर कुठंही मळ्याच्या वाटेला वळतो. चालताना टेल लाईट चालू, रिफ्लेक्टर स्वच्छ आणि वळायच्या बऱ्याच आधी इंडिकेटर. चौकात सरळ जायचंय म्हणून चारी लावणारे पण आहेत, त्यात बाजूनं येणाऱ्याला तुमच्या एकाच बाजूचा दिवा दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय. हजार्ड बंद पडलेल्या किंवा रस्त्याला धरून उभ्या असलेल्या ट्रॅक्टरसाठी.

लाल निळी लुकलुकणारी पट्टी स्वस्तात मिळते, ती लावली तर?

नको. लाल निळी पोलिसांची, आणि त्या पट्टीच्या चमकीनं मागच्याचे डोळे दिपतात, अंतर कळत नाही. मागचा इंडिकेटर पिवळाच, टेल आणि ब्रेक लाल, पुढं लाल काही नको.

हजार्ड असलं की रिफ्लेक्टर नसला तरी चालंल का?

नाही चालणार. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, वायर उंदरानं कुरतडली तर रिफ्लेक्टरच राहतो. मागं लाल पट्टी, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. कृष्णेच्या काठानं डिसेंबर-जानेवारीत पहाटे जे धुकं पडतंय त्यात नुसता रिफ्लेक्टर पण फार लांबून दिसत नाही, त्यामुळं दोन्ही पाहिजेत. फडकं मारून पट्टीवरचा चिखल रोज पुसा.

बंद पडल्यावर मागं दगड मांडायची आणि झाडाची फांदी लावायची आपली जुनी सवय आहे. फांदी ठीक, दगड नको. ट्रॅक्टर दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड तिथंच रस्त्यात राहतात, मग रात्री कोणीतरी मोटरसायकलवाला त्यावर जातो. घडीचा रिफ्लेक्टरचा त्रिकोण मिळतो तो सीटखाली ठेवा आणि पन्नास पावलं मागं नेऊन लावा.

काम झालं, आता तपासायचं कसं?

अंधार पडल्यावर तपासा, दुपारी सगळं बरोबरच वाटतं. ट्रॉली जोडा, इंजिन बंद करा, चावी काढून खिशात घाला, मग हजार्ड लावा. डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, ब्रेक हे सगळं हजार्ड बंद करून एकेकदा बघा, कोणाला तरी वर बसवा आणि तुम्ही मागं उभं राहा. अर्धा तास हजार्ड चालू ठेवून फ्लॅशर, टॉगल आणि फ्यूज होल्डरला हात लावा. कोमट असला तर ठीक, बोट ठेववत नसेल तर तिथला जोड सैल आहे. मग रस्त्यानं शंभर पावलं मागं चालत जा आणि तिथून वळून बघा. हीच तपासणी पहिली खेप भरल्यावर कारखान्याला निघायच्या आधी परत एकदा करा, मोळ्या भरलेल्या असताना. आणि ड्रायव्हर पगारी असेल तर टॉगल कुठं आहे ते त्याला अंधारात हात लावून दाखवायला सांगा.